कानडी मिसळलेली तक्रार

नव्या टॉवेलच्या खळीचा वास आला की जुळे सोलापुरातली ती खोली आठवते. टॉवेल कारखान्यातल्या बायकांना निनावी तक्रार करता यावी म्हणून मी आणि मैत्रीण जुने संगणक असे जोडत होतो, की निरोप एकातून दुसऱ्यात फिरत जाईल आणि पाठवणारी सापडणार नाही. निरोप मात्र पोचेना. एका संगणकाचं घड्याळ मागे पडलं होतं, म्हणून बाकीचे त्याला जोडून घेत नव्हते. ते लावलं आणि पहिली तक्रार आली, "मुकादम अंगाला हात लावतोय, लई तरास हाय." पुढच्या ओळींत कानडी मिसळलेलं. मैत्रीण म्हणाली, "नाव नाही, पण ही आमच्या अक्कलकोटकडची. मालकानं दाखवलं तर मुकादम लगेच ओळखेल की." तिनं सगळं पुस्तकी मराठीत लिहून मालकाकडे धाडलं. मुकादमाला काढलं. ती बाई कोण, हे मला अजून माहीत नाही.