दारातलं स्टूल

मी त्या घरी नाही म्हणायला गेलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी वेगळा अर्थ काढायला नको.

मुलगा सिंगापूरला क्लेमेंटीत एका युनिव्हर्सिटीत संशोधन करतो. तिथंच काम करणारी एक मुलगी त्यानं पसंत केली. ती तैवानची. वडील बऱ्याच वर्षांपासून सिंगापुरात आहेत, जुरोंग ईस्टला मशिनरीच्या कंपनीत कामाला, घर सेंगकांगला. आई वारलेली. एवढं सगळं ठरल्यावर मला फोनवर सांगण्यात आलं. ती परक्या देशाची आहे, याचं मला तितकं वाटलं नाही. इचलकरंजीत मागावर चाळीस प्रांतांची माणसं बघितलीत मी. पण मला आधी विचारलं नाही. बापाला सांगतात ते वेगळं आणि विचारतात ते वेगळं.

मुलगा म्हणाला, "आबा, तुम्ही या, तिला बघा. तुम्ही नाही म्हणालात तर मी हे लग्न करणार नाही." हे तो मनापासून म्हणत होता. लहानपणापासून तो खोटं बोलत नाही, त्याला जमतच नाही. म्हणून मी गेलो. मंडळी गुडघ्यांमुळं येऊ शकली नाही. ती म्हणाली, "तुम्हीच बघून या. आणि जाताना आधीच ठरवून जाऊ नका." मी ठरवूनच गेलो होतो.

बोलणीची वेळ मात्र मी काढली. मुलाकडची बाजू आपली, तेव्हा वेळ आपण सांगायची. आमच्या गल्लीतल्या ज्योतिषबुवांनी पंचांग बघून सांगितलं, रविवार, अकरा ते एक. नाही म्हणायचं असलं तरी चांगल्या वेळेवर म्हणावं, माझं असं मत आहे. मुलगा दोनदा म्हणाला, "आबा, शनिवार चालेल का? रविवारी साडेदहाला तैवानची मॅच आहे. कोरियाशी." मी विचारलं, क्रिकेट? तर म्हणे, बेसबॉल. मी म्हणालो, मॅच काय रोज असते. वेळ बदलणार नाही.

त्यानं तसं तिकडं कळवलं. आता कळतंय की त्यानं आणखी जोर करायला हवा होता. पण माझ्यापुढं जोर करायची सवय त्याला मीच लावली नाही.

क्लेमेंटीहून एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं गेलो, सेंगकांगला उतरून पुन्हा ती छोटी, दोन डब्यांची गाडी. मी धोतर नाही, पण पांढरा सदरा-पायजमा आणि टोपी घातली होती. मुलानं टोपीबद्दल काही म्हटलं नाही. अकराला पाच-दहा मिनिटं कमी असताना आम्ही त्यांच्या दारात होतो.

दार मुलीनं उघडलं. अंगात निळा शर्ट, दोन्ही गालांवर निळे पट्टे ओढलेले आणि हातात हवा भरलेल्या प्लास्टिकच्या दोन लांब कांड्या. एकमेकींवर आपटल्या की फटाक्यासारख्या वाजतात. ती वाकून माझ्या पाया पडली, कांड्या हातातच ठेवून. एक माझ्या पायाला लागली. आत पंधरा-वीस माणसं, सगळ्यांचे शर्ट निळे, आणि सगळ्यांची तोंडं टीव्हीकडं. पाण्याचा तांब्या नाही, या बसा नाही.

मुलीचे वडील सोफ्यावरून अर्धे उठले. माझ्याच वयाचे, बारीक, चष्मा. माझा हात दोन्ही हातांत धरला, सोफ्यावर मधल्या जागेकडं ओढलं, आणि हात धरलेला असतानाच मान वळवून टीव्ही बघायला लागले.

मी हात सोडवून घेतला. दाराजवळ चपला घालायला बसतात ते लाकडी स्टूल होतं. मी त्यावर बसलो. चपलांच्या कपाटाला पाठ लावून, दाराकडं एक पाय.

आमच्याकडं मुलाचा बाप असा दारात बसला की घरात धावपळ होते. चार जाणती माणसं हात जोडून येतात, काय चुकलं ते विचारतात, उपरणं देतात, आत नेऊन बसवतात. मुलाला ते माहीत आहे. त्याचं तोंड उतरलं. "आबा, असं नका ना करू," तो हळू म्हणाला.

"मी काय केलं? बसलोय."

तेवढ्यात घरात एकदम आरडाओरडा झाला. टीव्हीत यांच्या माणसानं चेंडू लांब मारला होता आणि दोन जण पळत येऊन एका पांढऱ्या ठिपक्यावर पाय देऊन गेले. सगळे उभे राहून उड्या मारत होते. कांड्यांचा आवाज असा की मला क्षणभर आपल्या शेडमध्ये असल्यासारखं वाटलं. मागाच्या आवाजात आयुष्य गेलेल्या माणसाला गोंगाटाचं काही नाही. मी बसून राहिलो.

मग मुलीच्या वडलांनी वळून माझ्याकडं बघितलं. मग स्टुलाकडं. पुन्हा माझ्याकडं. आपल्या भाषेत काहीतरी म्हणाले, आणि सगळं घर माझ्याकडं वळलं. मुलगी हसत माझ्याजवळ आली. "अंकल, डोन्ट मूव्ह लाह!" तिथं बोलताना शेवटी असं 'लाह' लावतात. मग मुलाशी इंग्रजीत भराभर बोलली.

मुलानं डोकं खाजवलं. "आबा, ते म्हणतात तुम्ही स्टुलावर बसलात आणि लगेच दोन रन झाले. आता मॅच संपेपर्यंत तुम्ही तिथून हलायचं नाही."

"मी रुसून बसलोय म्हणून सांगितलंस का त्यांना?"

"नाही सांगितलं."

"का?"

"काय फायदा, आबा. त्यांना तुम्ही तिथंच पाहिजे आहात."

रुसायला समोर समजणारा माणूस लागतो. मला सगळं स्टुलावर यायला लागलं. चहा स्टुलावर, शेंगदाणे स्टुलावर, अननसाच्या सारणाच्या चौकोनी वड्या स्टुलावर. एक म्हातारी बाई येऊन पाठीमागं उशी लावून गेली. मुलीनं पोहे केले होते, मुलानं शिकवलेले. जरा गिचका झाले होते आणि मोहरी कच्ची होती, पण लिंबू बरोबर पडलं होतं. ताटली माझ्या हातात देऊन ती समोर उभी राहिली, मी खातो का ते बघायला. मी तिला विचारायच्या गोष्टी मनात तयार ठेवल्या होत्या. पहिली विचारणार, एवढ्यात टीव्हीत कोणीतरी दांडकं घेऊन उभा राहिला आणि ती पळाली. तिथं प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं असतं. तो उभा राहिला की सगळ्यांनी त्याचंच म्हणायचं. तिला सगळ्यांची पाठ होती.

खेळ मला कळला असं म्हणणार नाही. एक जण फेकतो, एक मारतो, मारला तर पळायचं, पण मारूनही पुष्कळदा पळत नाहीत. एकदा यांच्या माणसानं मारलेला चेंडू वर उडून मागच्या बाजूला थेट लोकांत जाऊन पडला. मी ताटली खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. आपल्याकडं लोकांत चेंडू गेला तर सहा धावा. घरात एकटा मीच टाळ्या वाजवत होतो. सगळे बघायला लागले. मुलगा कानात म्हणाला, "आबा, ते मोजत नाहीत. मागं गेलेला फुकट."

हात अर्ध्यात थांबवणं माझ्या स्वभावात नाही. मी आणखी चार टाळ्या वाजवल्या. तेव्हा मुलीच्या वडलांनी थोडा विचार केला आणि त्यांनीही वाजवल्या. मग त्यांच्या शेजारच्यांनी. मग सगळ्यांनी. पुढच्या चेंडूवर त्या माणसाचा चांगला फटका बसला. झालं. त्यानंतर चेंडू मागं लोकांत गेला की सगळं घर टाळ्या वाजवायचं, आणि वाजवताना माझ्याकडं बघायचं.

समोर भिंतीवर घड्याळ होतं. त्यात एक वाजला. यांचे अजून दोन रन जास्त होते, पण खेळ संपायचं चिन्ह नव्हतं. बोलणीचा एक शब्द झाला नव्हता. मुलीच्या बापानं माझ्याशी जे काय बोलायचं ते वेळेत बोलायला हवं होतं. वेळ मी सांगितली होती, त्यांनी मान्य केली होती.

"वेळ गेली," मी मुलाला म्हणालो. "चल."

"आबा, फक्त थोडं—"

"वेळ गेली म्हणजे गेली. आता माझं उत्तर तुला माहीत आहे."

तो माझ्या चपला शोधायला खाली वाकला. त्याची मान मला वरून दिसत होती. लहानपणी शाळेत न्यायचो तेव्हा दिसायची तशीच. मी उशी बाजूला केली आणि उठलो.

मी उठलो आणि कोरियाच्या माणसानं चेंडू मारला. तो चेंडू खाली आलाच नाही, गेला तो गेलाच. दोन रन. बरोबरी. मग सगळ्यांची तोंडं टीव्हीवरून फिरून माझ्याकडं. एक म्हातारा तर कपाळाला हात लावून बसला. मी एका पायात चप्पल घालून उभा.

मुलगी उठली. सरळ येऊन माझ्या आणि दाराच्या मधे उभी राहिली. गालावरचे पट्टे घामानं ओघळले होते.

"आबा," ती मराठीत म्हणाली, "बसा. आत्ता."

मुलानं तिला मराठीत काय काय शिकवलं होतं ते नंतर कळलं. नमस्कार, पोहे घ्या, तब्येत कशी आहे. 'आत्ता' त्यानं तिच्यासमोर माझ्याशी फोनवर बोलताना वापरला असेल, तिनं उचलला. माझ्याशी अशा आवाजात बोलणारं माणूस आजवर एकच होतं, आणि नेमका तिचाच फोन वाजला. मुलानं फोन माझ्या हातात दिला.

"अहो, झालं का?" मंडळी.

"काही झालं नाही. वेळ गेली. मी निघालोय."

"कुठली वेळ गेली?"

"एक वाजून गेला."

"अहो, कुठं एक? इथं आत्ता साडेदहा होतायत. बुवांनी इथली वेळ सांगितलीय की तिथली? अजून तर लागायची आहे."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मनात अडीच तास वजा केले. बरोबर होतं.

"मुलगी कशी आहे?"

"ओरडतीये."

"कुणावर?"

"माझ्यावर."

ती म्हणाली, "बरं मग, बसा जरा," आणि फोन ठेवला.

मी चप्पल काढली आणि बसलो. मुहूर्त लागायचा होता म्हणून बसलो. घराला ते कारण माहीत नव्हतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी जागेवर गेली नाही. माझ्या शेजारी खाली फरशीवर बसली, एक हात स्टुलाच्या पायावर ठेवून. मी परत उठू नये म्हणून असेल.

पुढं बराच वेळ काही होईना. दोन्हीकडचे येत होते, मारत होते, जात होते. कोणी गाणं म्हणायचं सोडलं नाही, पण आवाज बसले होते. मुलीचे वडील चष्मा काढून पुसायचे, लावायचे, पुन्हा पुसायचे. कोरियावाले मारायला आले की ते स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. त्यांनी बघितलं की कोरियाला रन मिळतात, असं मुलीनं सांगितलं. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. गावात रेडिओवर मॅच लागायची तेव्हा आमच्यातल्या एकाला आम्ही ठरवून हौदामागं बसवायचो.

शेवटी यांच्या एका बारक्या पोरानं दांडकं नुसतं लावलं, चेंडू दोघांच्या मधून गवतात गेला आणि पलीकडून एक जण छातीवर आडवा घसरत येऊन त्या ठिपक्याला हात लावून गेला. संपलं. यांनी जिंकली. मग जे झालं ते लिहून दाखवता येणार नाही. मुलगी रडत होती, म्हातारी बाई उशीला मिठी मारून नाचत होती, आणि मुलीचे वडील स्वयंपाकघरातून धावत आले ते कोणाकडंही न जाता माझ्याकडं आले. दोन्ही हातांनी माझा हात धरला. या वेळी डोळे माझ्याकडंच होते. बरंच बोलले. मुलीनं मुलाला सांगितलं, मुलानं मला.

"आबा, ते म्हणतात मंगळवारी पुढची मॅच आहे. तुम्ही यायलाच पाहिजे. ह्याच स्टुलावर बसायला."

मुलगा हे सांगत होता, पण त्याचं लक्ष माझ्या चपलेकडं होतं. इथली वेळ सव्वादोनच्या पुढं गेली होती. म्हणजे आमच्याकडं बारा वाजत आले होते. मुहूर्त चालू होता.

"त्यांना सांग," मी म्हणालो, "परक्याच्या दारात मी दोनदा बसत नाही."

त्याचं तोंड पडलं. तरी तो सांगायला वळला.

"पुरं ऐक की. व्याह्याच्या घरी म्हणशील तर बसेन."

तो बघतच राहिला. मग इंग्रजीत काहीतरी अडखळत म्हणाला. मुलीनं तोंडावर हात धरला, ते निळं सगळं तळहाताला लागलं. तिनं वडलांना त्यांच्या भाषेत सांगितलं. तिला सांगायला बराच वेळ लागला, व्याही म्हणजे काय हे समजावत असावी. वडील ऐकत होते. शेवटी त्यांनी मान डोलावली, माझा हात पुन्हा हलवला आणि एक बोट स्टुलाकडं करून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?"

मुलगा हसायला लागला. सकाळपासून पहिल्यांदा. "म्हणतात, व्याही चालेल. पण आत सोफ्यावर बसायचं नाही. स्टूल दारातच राहणार."

मी म्हणालो, चालेल.

मंगळवारची मॅच ते हरले. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्टुलावरून हललो नव्हतो. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. बोलून उपयोगही नव्हता, सोमवारीच सुपारी फोडली होती.