गाळणी काकूंचा ग्रुप

आमच्या शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये "मला काकूंनी ग्रुपमधून काढलं" असं सांगताना माणसांची मान ताठ होते. मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या डोहाळजेवणात, इंडियन ग्रोसरीच्या रांगेत, कुठेही. नवा ऐकणारा बिचारा गोंधळतो. भांडण झालं असणार असं धरून तो हळूच विषय बदलायला बघतो. मग कुणीतरी त्याला समजावतं की बाबा रे, हा ग्रुप वेगळा. इथे शिकायला घेतात, आणि स्वतःचं स्वतः शिकता यायला लागलं की बाहेर काढतात. त्याचा काही समारंभ नसतो. एका सकाळी फोनवर ओळ दिसते, तुम्हाला काढण्यात आलं आहे म्हणून, आणि झालं.

ग्रुप काकूंचा. 'गाळणी काकू' हे नाव त्यांना काकांनी दिलेलं. "आमच्याकडे दोन गाळण्या आहेत. एक चहाची आणि एक ही," असं ते प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगायचे आणि स्वतःच आधी हसायचे. इंटरनेटवर फुकट शिकवणारे पैशाला पासरी झालेत. त्यातलं खरोखर चांगलं कुठलं ते शोधायचं आणि ज्याला हवं त्याला पाठवायचं, हा काकूंचा उद्योग. त्या मूळच्या सांगलीच्या. काकांच्या नोकरीमागे इकडे आल्या, एका शाळेच्या ऑफिसात बरीच वर्षं काम करून निवृत्त झाल्या. मुलगा टेक्ससला. रिकामं बसणं त्यांना कधी जमलंच नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी घरबसल्या रसायनशास्त्राचे धडे घेतले, कारण परसातल्या टोमॅटोची पानं दरवर्षी पिवळी का पडतात हे त्यांना समजून घ्यायचं होतं. पुढच्या वर्षीही ती पिवळी पडलीच. "पण आता का पडतात ते मला माहीत आहे," काकू समाधानाने म्हणाल्या.

त्यांचा पहिला नियम असा की स्वतः शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय कुठलाही धडा पुढे पाठवायचा नाही. पोळ्या लाटताना समोर टॅब उभा केलेला आणि कानात कुठल्यातरी विद्यापीठाचा प्रोफेसर. मध्येच लाटणं थांबलं की समजायचं, प्रोफेसरांचं काहीतरी चुकलं. मी एकदा म्हटलं, "काकू, एवढं सगळं कशाला बघता? दहा मिनिटांत कळतं की माणूस कसं शिकवतो. शितावरून भाताची परीक्षा." काकूंनी तव्यावरची पोळी उलटली. "शितावरून भात शिजलाय का ते कळतं. बुडाला लागलाय का ते नाही कळत," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कानात इअरफोन घातला.

दुसरा नियम, एका वेळी एकच. पुण्याहून नुकताच आलेला एक आयटीवाला मुलगा ग्रुपमध्ये आला आणि त्याने लिहिलं, "काकू, मशीन लर्निंगचं जे काय आहे ते सगळं पाठवा ना." काकूंनी त्याला फोन करून विचारलं, "सगळं कशाला? सोमवारी ऑफिसात तुझं नेमकं काय अडतं ते सांग." त्याला सांगता येईना. दोन दिवसांनी त्याने जे सांगितलं त्यावरून काकूंनी त्याला संभाव्यतेचा अगदी साधा, शाळकरी म्हणावा असा धडा पाठवला. तो सगळीकडे सांगत सुटला, "यार, काकूंनी मला नववीचं गणित दिलंय." पण घरी बसून त्याने तो निमूटपणे पूर्ण केला, कारण त्याचं घोडं तिथेच अडलं होतं. काकूंचं म्हणणं, चार भाज्या एकदम वाढल्या की माणूस जेवत नाही, पान चिवडतो.

"कळलं का?" असं काकूंनी कुणालाही कधी विचारलं नाही. त्या विचारायच्या, "कुठे अडलं?" कळलं का विचारलं की आपली माणसं हो म्हणतात, नाही म्हणायची लाज वाटते, अडणं मात्र सगळ्यांचंच अडतं, असा त्यांचा हिशेब. कुठेच अडलं नाही असं कुणी सांगितलं तर पुढचा धडा मिळत नसे. "अडलं नाही म्हणजे बघितलं नाही." ग्रुपमध्ये शुभ सकाळ, फुलं, सुविचार यांना सक्त मनाई होती. एका गृहस्थांनी सवयीने दिवाळीच्या पणत्या पाठवल्या, काकूंनी त्यांना त्याच दुपारी काढलं. ते अजून स्वतःला पास झालेले समजतात.

मी या ग्रुपमध्ये आले ती रडत. मी नागपूरची. तिकडे एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघायची आणि बरी बघायची. लग्न होऊन इकडे आले ती डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे राहायची परवानगी आणि कमवायची बंदी. घर, मुलगी, बर्फ यांत वर्षं गेली. शेवटी एकदाचं वर्क परमिट आलं तेव्हा मी पेढे केले, मंडळात वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून मला धडकी भरली. इथले कर वेगळे, हिशेबाची रीत वेगळी, आणि माझ्या हाताला गंज चढलेला. "अगं, अप्लाय तर कर, काय होईल फार तर?" असं नवरा म्हणायचा. काय होईल ते पहिल्याच इंटरव्ह्यूत कळलं. त्यांनी समोर स्क्रीन ठेवला, बँकेची नोंद आणि पुस्तकातली नोंद जुळवायला सांगितली, आणि जे काम मी नागपूरला बोलता बोलता करायची ते मला सुरूसुद्धा करता येईना. माणसं सभ्य होती. कळवतो म्हणाली.

तिथून मी कार घेऊन घरी न जाता काकूंकडे गेले आणि त्यांच्या किचनमध्ये बसून हमसून हमसून रडले. आता मी कधीच काही कमावणार नाही, जन्मभर कुणाच्या तरी व्हिसाचं शेपूट म्हणून राहणार, असलं काहीबाही बोलले. काकांनी गुपचूप चहा टाकला, माझ्यासमोर ठेवला आणि सकाळीच साफ केलेला दारापुढचा ड्राइव्हवे पुन्हा साफ करायला बाहेर निघून गेले. काकूंनी मला पुरतं रडू दिलं. मग विचारलं, "झालं? आता सांग, नेमकं काय आलं नाही?" तोवर सगळे मला धीर देत होते, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. उत्तर द्यायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की न येणाऱ्या गोष्टी फक्त तीन-चार आहेत.

मग सुरू झालं. इथल्याच एका कॉलेजातल्या बाईंनी आपले सगळे वर्ग नेटवर मोकळे ठेवले होते, ते काकूंनी आधी स्वतः संपवले. माझ्या नोकरीपायी सांगलीच्या या बाई सत्तरीत अमेरिकन अकाउंटिंग शिकल्या. मी जेवणाच्या टेबलाशी बसून धडे बघायची, थांबवायची, वहीत करायची, पुन्हा बघायची. "आई, यू आर आर्ग्यूइंग विथ द लॅपटॉप अगेन," मुलगी जाता जाता म्हणायची. खरंच भांडायची मी. आणि अडलं की काकूंना फोन. पुढे पुढे मी स्वतःच नवे धडे शोधायला लागले, बरे-वाईट निवडायला लागले, तरी काकूंनी हो म्हटल्याशिवाय माझा पाय पुढे पडत नसे.

दुसरा इंटरव्ह्यू ठरला आणि त्याच आठवड्यात काकूंनी मला ग्रुपमधून काढलं. मला भयंकर राग आला. फोन लावून म्हटलं, "काकू, आत्ताच? अहो, इंटरव्ह्यू तर होऊ द्यायचा."

"इंटरव्ह्यूच्या आधीच काढायला हवं होतं तुला," काकू शांतपणे म्हणाल्या. "गेला महिनाभर तू जे विचारतेस त्याचं उत्तर तुला येतं. तुला उत्तर नको असतं, सोबत हवी असते. सोबत हवी तर चहाला ये, केव्हाही ये. ग्रुप त्यासाठी नाही."

चहाला गेले नाही. रागातच होते. रागातच बसून एक राहिलेला भाग स्वतः शोधला, स्वतः पारखला, स्वतः शिकले. इंटरव्ह्यूत स्क्रीन समोर आला तेव्हा मी अडखळले, पण थांबले नाही. टॅक्सचं काम करणाऱ्या त्या छोट्या ऑफिसात मी आजही आहे. ऑफर आली त्या संध्याकाळी मात्र मी काकूंकडे गेले आणि काकूंनी गोडाचा शिरा केला.

त्यानंतर दोन हिवाळे गेले आणि काकांना स्ट्रोक झाला. हातपाय वाचले, बोलणं गेलं. सगळं आयुष्य इंग्रजी मीटिंगांमध्ये काढलेला माणूस, त्यांचं इंग्रजी तर पुसल्यासारखंच झालं. मराठीतलं 'हो', 'नाही' आणि 'अरे' एवढं उरलं. स्पीच थेरपिस्ट बाई प्रेमळ होत्या. त्या चमच्याचं चित्र दाखवून इंग्रजीत विचारायच्या आणि काका नुसते बघत राहायचे. घरी तुमच्या भाषेत सराव घ्या, असं त्यांनी काकूंना सांगितलं. पण तो घ्यायचा कसा? लवकर सुरू केलं तर शब्द परत येतील, असंही त्या म्हणाल्या होत्या, त्यामुळे एकेक दिवस जड जात होता.

काकूंचा मला फोन आला. "मी चार दिवस शोधतेय गं. डोळ्यांसमोरून सगळं जातंय, आत काही शिरत नाही. तू बघशील का?" काकूंना कुणाकडे काही मागताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. हिशेब चुकला तर दुरुस्त करता येतो, इथे चुकीचं काही दिलं तर काकांचे दिवस वाया जाणार होते.

मी ऑफिसातून सुट्टी घेतली आणि बसले. चमत्कार विकणारे बाजूला केले, गोड संगीत लावून नुसता धीर देणारे बाजूला केले. शेवटी एका विद्यापीठात हाच विषय शिकवणाऱ्या बाईंनी घरच्यांसाठी केलेले धडे सापडले. ते मी सगळे पाहिले, थेरपिस्टना दाखवले आणि मगच काकूंना दिले. त्यांत एक गोष्ट होती. लहानपणी पाठ केलेलं असतं ते बऱ्याचदा शाबूत राहतं. ओळ आपण सुरू करायची, मध्येच थांबायचं आणि माणसाला पुरी करू द्यायची. उदाहरणं होती ती इंग्रजी बडबडगीतांची. ती काकांनी आयुष्यात कधी म्हटली नव्हती.

"काकांचं लहानपणी काय पाठ होतं?" मी विचारलं.

काकू म्हणाल्या, "पाढे. त्यांच्या शाळेत पाढा चुकला की छडी बसायची."

काका सोफ्यावर बसले होते. काकू त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बे एके बे. बे दुणे..." आणि थांबल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ हलले, पण आवाज नाही. काकूंच्या जिभेवर 'चार' आलेला मला दिसत होता. त्यांनी पदर तोंडाशी धरला. मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होते.

"चार," काका म्हणाले.

मग "बे त्रिक सहा," मग पुढचं, आणि बे दाहे वीसपर्यंत काका एकट्याने गेले. स्वतःचा आवाज ऐकून ते चकित झाले होते. काकू उठून सिंकपाशी गेल्या आणि उगाचच नळ सोडून उभ्या राहिल्या. मी तिथे त्यांच्याजवळ गेले आणि आम्ही दोघी एकमेकींना धरून रडलो.

पाढ्यांवरून वार, वारांवरून महिने, महिन्यांवरून "चहात घालतात ती..." असं करत करत महिन्याकाठी थोडे थोडे शब्द परतायला लागले. थेरपिस्ट खूश झाल्या. घरच्यांसाठी मराठीत असं काही शोधून आम्हाला सापडलं नव्हतं, तेव्हा काकू म्हणाल्या, "मग आपणच करू या." काकांना विचारलं, तर ते ठासून 'हो' म्हणाले. काका सोफ्यावर, काकू समोर, फोन स्टँडवर. थेरपिस्टांनी प्रत्येक धडा काय आहे ते समजावून घेऊन दुरुस्त्या केल्या. नको असलेला भाग कापून नेटवर चढवायचं काम माझं.

शेवटच्या धड्यात काकू फोन बंद करायला विसरल्या. धडा संपतो, त्या उठतात, "चहा टाकते" म्हणतात. काका हात वर करतात. काकू पातेलं हातात घेऊन तशाच उभ्या राहतात. काका शब्द शोधतात, सापडत नाही, पुन्हा शोधतात. काकू एक अक्षर बोलत नाहीत. बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागेल इतका वेळ जातो. मग काका म्हणतात, "तू... पण... बस."

मी काकूंना फोन करून विचारलं, "शेवटी कॅमेरा चालू राहिलाय. फार लांब आहे तो भाग, आणि तुमचं घरचं आहे. कापू का?"

"कापू नकोस," काकू म्हणाल्या. "लोकांना वाटतं, माणूस बोलत नाही. तो बोलत असतो गं. आपण थांबत नाही."

तो भाग तसाच आहे. गेल्या महिन्यात त्याखाली कोपरगावहून एका मुलीने लिहिलं, "आज आम्ही सगळे गप्प बसलो. बाबा 'पाणी' म्हणाले."