होल्डचं बटण

देवचार, मूठ, भानामती... मालवणात जन्मून या सगळ्याला हसणारा मी एकटाच असेन. आई म्हणायची, याची जीभ एक दिवस झडणार. रेडिओ दुरुस्ती हा माझा धंदा, त्यामुळे हवेतून काय येतं आणि काय येत नाही हे मला पक्कं ठाऊक — असा माझा समज होता.

साठच्या दशकातली गोष्ट. घर मालवणातल्याच मेढा भागात, बाजाराजवळ, म्हणून वीज आलेली. माझा थोरला भाऊ, दादा, मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिशियन. एका सुट्टीत त्याने कुवेतहून जुना टेलिव्हिजन आणला. अख्ख्या वाडीने आम्हाला वेड्यात काढलं, कारण तेव्हा मुंबईतसुद्धा टेलिव्हिजन नव्हता! लावला की पडद्यावर नुसत्या पांढऱ्या मुंग्या.

दादाने मला त्यातलं गणित शिकवलं. आत एक किरण डावीकडून उजवीकडे रेघ ओढतो, परत येतो, खालची ओढतो... तळाला पोचला की उडी मारून पुन्हा वर. रेघ कधी सुरू करायची, वर कधी जायचं, याचे ठोके स्टेशनकडून येतात. किनाऱ्यावर रापणीचं लांबलचक जाळं ओढताना एकाच्या हाकेवर सगळे जोर लावतात ना, तसं. ठोका चुकला की चित्र तिरकं फाटतं, नाहीतर वर सरकत राहतं. मग होल्डचं बटण फिरवून त्याला थांबवायचं. पण ठोके येतच नसतील तर बटण पिळून काय उपयोग?

दादा बोटीवर परत गेला. खाऱ्या हवेने सेट खराब होऊ नये म्हणून मी तो अधूनमधून लावून ठेवायचो. मे महिन्यात एका तिन्हीसांजेला मुंग्यांमध्ये तिरके पट्टे दिसले, मग काहीतरी काळं वर सरकायला लागलं. मी उडालोच. होल्ड फिरवलं... आणि चित्र थांबलं.

दादा होता. बनियनवर, आमच्याकडे तोंड करून उभा. आवाज नव्हता, पण ओठ हलत होते. तेवढ्यात वहिनी, दादाची बायको, दिवा घेऊन खोलीत आली. तिने पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"येतंय म्हणतत," ती म्हणाली.

खरंच, तोच शब्द होता, पुन्हा पुन्हा. तिने तिथूनच आईला हाक मारली, दादा घरी येतोय म्हणून सांगितलं.

मला मात्र माझी अक्कल गप्प बसू देईना. कुठलं तरी स्टेशन लागलं असणार म्हणून मी अँटेनाची वायर उपटली. चित्र हललंसुद्धा नाही! वायर माझ्या हातात, आणि दादा समोर स्थिर. मग ठोके येत होते कुठून? भीती वाटली, साफ सांगतो.

मग दादाने आमच्याकडे पाठ केली.

आमच्याकडे घराबाहेर पडणारा माणूस 'जातंय' म्हणत नाही, ते अशुभ. तो 'येतंय' म्हणतो. हे वहिनीच्या माझ्याआधी ध्यानात आलं. चित्र वर सरकू लागलं होतं.

"भावजी, धरून ठेवा तेंका," ती म्हणाली. ओरडली नाही.

मी होल्ड फिरवलं, शेवटपर्यंत फिरवलं, उलटं फिरवलं. दादाची पाठ वर जायची, खालून पुन्हा यायची, दर खेपेला थोडी लहान. वहिनीने माझं मनगट आवळून धरलं होतं. शेवटी नुसत्या मुंग्या राहिल्या.

पुढे बोटीच्या कंपनीचा निरोप आला. दादा त्याच संध्याकाळी डेकवरून नाहीसा झाला होता. देह मिळाला नाही.

उन्हाळ्यात आखातातलं स्टेशन समुद्रावरून इथवर पोचू शकतं, असं एका जाणकाराने नंतर सांगितलं. पोचू दे की! पण वायर हातात असताना? आणि त्यांना आमचा दादा भेटला कुठे? तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर सांगा, मी चेष्टा करणार नाही.

वहिनीने त्याविषयी एकदाच विचारलं. खूप वर्षांनी, तांदूळ निवडता निवडता.

"घट्ट धरल्यात मां, भावजी?"

मी होय म्हटलं.

"मगे तेंनीच सोडल्यानी," असं म्हणून ती सूप घेऊन उठली.