सोले निघाले दुबईले

आमच्या थंड खोलीत माल फार दिवस राहत नाही, किस्से मात्र राहतात! भेंडी विमानात बसून निघून जाते, परदेशात कोणाच्या तरी कढईत पडते आणि तिचं काम संपतं. तिच्यापायी आम्ही जो गोंधळ घातलेला असतो, तो इथेच साठत जातो. चार माणसं चहाला बसली की एकेक बाहेर निघतो.

आमचं म्हणजे यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीतलं एक छोटं पॅकहाऊस. भेंडी, मिरची ताजी जाते. हिवाळ्यात तुरीच्या शेंगांतले हिरवे दाणे, म्हणजे आपले सोले, गोठवून ठेवायचे. नागपूरपर्यंत आमची थंड गाडी, पुढे विमान. मी तिथे क्वालिटी बघते. मालक विजूभाऊ, मूळचे कापसाच्या जिनिंगवाले. यंदा गोठवलेल्या सोल्यांची दुबईची पहिली ऑर्डर आली, तीही नुसती ट्रायल. विजूभाऊंनी जाहीर करून टाकलं, "हे पास झालं तर वर्षभर काम. नाई तर थंड खोली बंद, अन् तिथं सरकीचं गोदाम!"

सरकीच्या गोदामाला एक चौकीदार पुरतो. भाजी निवडणाऱ्या सगळ्या बाया घरी, आणि त्यांच्यामागे मीही. तेव्हा आज हसून सांगत असले, तरी त्या वेळी मी थंड खोलीचा काटा दिवसातून दहादा बघत होते.

*

पहिला मान आमचे ड्रायव्हर देविदासभाऊ यांचा. पुसदकडच्या बंजारा तांड्यातले. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव न्यायचे. त्याला लदेणी म्हणतात. भाऊ गाडीला किल्ली लावतानाही लदेणीच सांगत असतात.

"आमचा आजा सांगे म्याडम, रस्त्यात कोनाची वस्तू सापडली तर बैलावर नाई टाकाची. आपल्या आंगावर ठेवाची, अन् पोचवाची!"

एकदा गाडी भरताना सिंधूबाईंच्या कानातलं हरवलं. सिंधूबाई म्हणजे आमच्या बायांच्या पुढारी. खाण्याच्या मालात धातू सापडला तर संपलंच की हो! सगळे खोके पुन्हा उघडले. मिरची ओतली, चाळली, भरली. बायांचे हात पेटले, डोळे पेटले. तेवढ्यात देविदासभाऊ चहा पिऊन आले आणि खिशातून कानातलं काढलं.

"हे पाहून राह्यले का? हे तं मी सकाळीच उचललं. हरवू नाई म्हनून आंगावर ठेवलं."

"मंग सांगतलं काहून नाई?" सिंधूबाई कडाडल्या.

"कोनी इचारलंच नाई!"

*

दुबईचे व्यापारी मुस्तफाभाई स्वभावाने देवमाणूस, पण मालाच्या बाबतीत भारी कडक. ऑर्डर सोल्यांची होती, तरी ट्रायलच्या आधी त्यांनी व्हिडिओ कॉलवर आमची भेंडीही बघायला मागितली. मी मोबाईल धरला, सिंधूबाईंनी भेंडी धरली.

"थोड़ा घुमाइए... अब डंठल दिखाइये... अब सीधा पकड़िए... रंग थोड़ा गहरा नहीं है?"

सिंधूबाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग भेंडी टोपलीत टाकली आणि पदर खोचला.

"बाप्पा! भेंडी पाहून राह्यले का सून? आता चालून दाखवाले लावन, मंग सैपाक येते का म्हनन!"

मुस्तफाभाईंना मराठी येत नाही. त्यांनी विचारलं, "बहनजी क्या बोल रही हैं?"

विजूभाऊ म्हणाले, "बोल रही हैं, माल बहुत अच्छा है!"

*

सोल्यांसाठी विमानात जागा बुक करायची होती. विजूभाऊंनी एका एजंटच्या ऑफिसात फोन लावला. तिकडे कोणी दिल्लीकडची मुलगी होती.

"मॅडम, सोले भेजने है."

"सोल? ठीक है सर. लेदर के या रबर के?"

विजूभाऊ गोंधळले. "हिरवे!"

"हरे रंग के. लेडीज़ या जेंट्स?"

"तुरीचे! तूर के!"

"ये ब्रँड का नाम है, सर?"

मी हातवारे करून सांगतेय की 'दाने' म्हणा, 'दाने' म्हणा; पण विजूभाऊंचं लक्ष कुठलं! त्यांचा आवाज चढला. "मॅडम, उसको माइनस अठरा डिग्री में रखना पड़ता है, नहीं तो सड़ जाएगा!"

ती मुलगी अगदी मायेनं म्हणाली, "सर, जूते इतने ठंडे मत रखिए, पैर में तकलीफ़ होगी."

*

माल रवाना करायचा दिवस मे महिन्यातला. यवतमाळचा मे तुम्हाला सांगायला नको. सोल्यांबरोबर ठेवायला ड्राय आइस मागवला होता. सिंधूबाईंचा त्यावर विश्वासच नव्हता. "बरफ हाय अन् सुका? मंग आमचे पापड ओले म्हना!"

त्याच्या थर्माकोलच्या पेटीचं झाकण जरासं उघडं राहिलं आणि फटीतून पांढरा धूर यायला लागला. मी ऑफिसात होते. बाहेर एकच ओरडा झाला, "आग! सोले पेटले!" देविदासभाऊंनी हातातली बादली पेटीवर ओतली.

ड्राय आइसवर पाणी! सगळं शेड पांढरं धोप झालं. मी दारं उघडत सुटले, बाया बाहेर पळाल्या. विजूभाऊ दारात येऊन ओरडले, "आतमंदी हाय का कोनी?"

आतून देविदासभाऊंचा आवाज आला. "हाव, मी हावो! पन कुठं हावो, ते नाई समजून राह्यलं!"

सोले दुसऱ्या खोलीत होते म्हणून वाचले. ड्राय आइस दुसरा आणला आणि भर दुपारी गाडी निघाली. सिंधूबाईंनी गाडीला हात जोडले. मग मीही जोडले.

*

माल दुबईला पोचला आणि मुस्तफाभाईंचा फोन आला. आवाज पडलेला.

आमच्या शेवटच्या खोक्यावर एक तापमान नोंदवणारं यंत्र चिकटवलेलं असतं. लॉगर म्हणतात. काडेपेटीएवढं, पांढरं. खोक्याबरोबर ते थेट दुबईत जातं आणि वाटेत माल किती थंड होता, याची चहाडी करतं.

"विजूभाई, विमान में ठीक है. लेकिन आपके यहाँ से नागपुर तक पूरा रास्ता इकतालीस डिग्री! माल तो पक गया होगा. मैं नहीं ले सकता."

विजूभाऊ खुर्चीत बसले ते बसलेच. सिंधूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना हिंदी पुरतं कळत नव्हतं, पण विजूभाऊंचं तोंड कळलं. पदराचं टोक तोंडात धरून त्या भिंतीला टेकल्या. मला तर समोर सरकीची पोती दिसायला लागली.

मी फोन हातात घेतला. "मुस्तफाभाई, एक डिब्बा खोलिए. सिर्फ़ एक."

फोन चालूच राहिला. टेप फाडल्याचा आवाज आला. मग खडखडखड, टेबलावर गारा पडाव्यात तसा.

"अरे!" मुस्तफाभाई म्हणाले. "ये तो पत्थर है! एकदम हरा पत्थर!" त्यांनी दुसरा उघडला, तिसरा उघडला. सगळे कडक! "माल पास है भाई, फर्स्ट क्लास! लेकिन ये इकतालीस कहाँ से आया?"

सिंधूबाई खाली बसून हसत होत्या आणि रडतही होत्या. मीही काही वेगळं करत नव्हते. इतकं हलकं मला बारावी पास झाले तेव्हाही वाटलं नव्हतं.

विजूभाऊंनी देविदासभाऊंना आत बोलावलं. "भाऊ, रस्त्यात गाडीचं कूलिंग बंद पडलतं का?"

"नाई जी."

"दरवाजा उघडा राह्यलता का?"

"नाई जी!"

"मंग ते पांढरं यंत्र..."

"ते का? ते तं भरतानीच खाली पडलतं. थंडीनं टेप सुटलता. कोनत्या खोक्याचं हाय, काय मालूम! म्हनून आंगावर ठेवलं." त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "नागपूरले उतरवताना टेपची खूण पाहून खोक्याले परत चिकटवलं. काहून? काही चुकलं का?"

"भाऊ," मी म्हणाले, "तुमच्या खिशात त्या यंत्रानं सगळा रस्ता एक्केचाळीस डिग्री ताप नोंदलाय!"

देविदासभाऊ घाबरले की तांड्याची बोली ओठावर येते. "याडी!" अशी आईला हाक मारत ते मटकन स्टुलावर बसले. मग रागानं विजूभाऊंकडे बघितलं.

"एक्केचाळीस? मले इतका ताप होता, अन् तुमी मले गाडी चालवाले लावली?"

आणि मनगट माझ्यापुढे केलं. "पाहा बरं म्याडम, उतरला का?"