रंगवलेल्या शिंगांचा मुद्देमाल

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आता रिकामपणी डोळ्यांपुढं येते ती एक बैलजोडी. शिंगं लालभडक, वर चंदेरी बेगड, आणि दोन्ही बैल चौकीमागच्या लिंबाखाली मुद्देमाल म्हणून बांधलेले. त्या प्रकरणात कुणाला ओरखडासुद्धा आला नव्हता, तरी ते मला विसरता आलेलं नाही.

काळ निजामी अमलाचा, मोठी लढाई चालू होती तेव्हाचा. भूमकडच्या एका चौकीवर मी अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. आताच्या पोरांना सांगून पटत नाही, पण तेव्हा आमच्याकडून बार्शीला जाणं म्हणजे परमुलखात जाणं. बार्शी इंग्रजांची, आम्ही निजामाचे, आणि मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. गाडी पलीकडं न्यायची तर नाक्यावर कर भरायचा आणि पावती घ्यायची. आता गाडीवाल्याला कुठली पावती जपता येते! नाक्याच्या वहीतही नुसतं 'बैलगाडी एक' एवढंच लिहीत. कुणाची, कुठली, काही पत्ता नाही. म्हणून आमच्या नाक्यावर एक रीत पडली होती. कर भरला की डाव्या बैलाच्या शिंगावर डांबराचा अर्धचंद्र काढायचा. परतताना तो दाखवला की वाट मोकळी. खूण नसेल तर गाडी चोरवाटेनं गेली असं धरायचं. त्या दिवसांत जोंधळा बाहेर न्यायला बंदी होती आणि चोरवाटा भरून वाहत होत्या, त्यामुळं त्या अर्धचंद्राला फार मान होता.

ज्येष्ठ संपत आला असताना आमच्या खबऱ्यानं वर्दी आणली. बार्शीकडून एक गाडी येते आहे, हाकणारा इकडचाच दिसतो, पण बैलांची शिंगं ताजी रंगवलेली आहेत.

"सायब, पोळा अजून कुठल्या कुठं हाय," खबऱ्या म्हणाला. "ह्याच्याच बैलांना नवरदेव व्हायची घाई झाली व्हय?"

नाक्यावर गाडी अडवली. हाकणारा पंचविशीतला तरुण, मागं डोक्यावरून पदर घेतलेली त्याची बायको. पोत्याखाली, गाडीखाली सगळं पाहिलं. तिच्या माहेरची दोन लुगडी आणि थोडी भांडीकुंडी, बाकी काही नाही. पण शिंगावर अर्धचंद्र दिसेना. पावती विचारली तर म्हणाला, फेट्यात खोचली होती, फेटा धुतला, पावतीचा लगदा झाला. हे तर आम्ही रोजच ऐकत होतो.

नाक्याचा दारोगा हैदराबादकडचा. कामाला कडक, पण मनानं वाईट नव्हता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "अमीनसाब, धोका नक्को खाव. निशानी हैच नै, इसलिए रंग मारा."

मी म्हटलं, रंग खरवडून बघू. त्यावर त्यानं मान हलवली. रंगाबरोबर डांबर निघालं तर उद्या हाच माणूस म्हणेल, खूण होती, सरकारनं पुसली. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी पंचनाम्यात 'शिंगे रंगविलेली, जशीच्या तशी' असं लिहिलं, तरुणाला हवालातीत टाकलं आणि गाडीबैल चौकीवर आणले.

मग कळलं की गाडी भाड्याची आहे. मालकीण ईट गावची एक विधवा म्हातारी. नवरा गेल्यावर तिनं शेत वाट्यानं दिलं आणि गाडीबैल भाड्यानं द्यायला सुरुवात केली. त्यावरच तिची चूल पेटायची. कायदा मात्र गाडी पाहतो, मालक पाहत नाही. कर चुकवून गेलेली गाडी, मग ती कुणाचीही असो, बैलांसकट जप्त. येत्या बाजारी भूमला गाडीबैलांचा लिलाव ठरला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन चौकीत हजर. मला राम राम नाही की काही नाही, सरळ लिंबाखाली. बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, शिंगं पाहिली आणि तिथूनच ओरडली, "कुण्या मेल्यानं माझ्या बैलांना हात लावला?"

मी म्हटलं, "मावशी, इकडं या. भाड्यानं देताना काय ठरलं होतं?"

"काय ठरायचं? म्या त्याला बजावून सांगितलं हुतं. आसूड उगारायचा न्हाय, आन माझ्या बैलांला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा न्हाय. व्हय व्हय म्हणला, भाड्या! आता माझी बैलं बाजारात उभी करता का तुमी, अमीनसायब? त्यापरीस मलाच उभी करा की."

म्हातारीचं तोंड असं चालायचं. पण बोलता बोलता तिचा आवाज फाटला आणि ती खांबाला धरून मटकन खाली बसली. मलाही रडावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वर्दी घातलेल्या माणसाला रडता येत नाही, म्हणून मी उगाच शिपायावर खेकसलो.

तिसऱ्या दिवशी तरुणाला चौकशीसाठी बाहेर काढलं.

"शिंगं कुणी रंगवली?"

"म्या."

"कशाला?"

त्यानं दाराबाहेर बघितलं.

"रंग कुठून आणलास?"

"बार्शीतनं." आणि लगेच, "न्हाय, सोलापुरातनं."

दारोग्यानं माझ्याकडं पाहिलं, म्हणजे झालंच आता. मीही जवळजवळ तेच म्हणणार होतो. पण चौकशीत मी एक सवय लावून घेतली होती. माणूस काय बोलतो ते कानांनी ऐकायचं आणि डोळे त्याच्या डोळ्यांवर ठेवायचे. हा पोरगा माझ्याकडं पाहत नव्हता. माझ्या छडीकडं नाही, दारोग्याकडं नाही. दर उत्तराच्या आधी त्याची नजर दारातून बाहेर लिंबाकडं जात होती. तिथं म्हातारी बैलांना वैरण घालत होती. सरकारला न भिणारा हा गडी एका म्हातारीला भीत होता!

त्याला परत आत पाठवलं आणि त्याच्या बायकोला बोलावलं. ती अक्कलकोटाच्या पुढची, कानडी मुलखातली. मराठी यायचं तिला, पण जपून जपून. दोन दिवस ती त्याच लिंबाखाली म्हातारीपासून हातभर अंतरावर बसली होती, आणि दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलत नव्हत्या. तिला अजून कुणी काही विचारलंच नव्हतं. बाईमाणूस, तिला काय माहीत, असं सगळ्यांनी धरलेलं.

मी सरळ विचारलं, "बाई, ही शिंगं का रंगवलीत?"

तिनं पदर मागं सारून माझ्याकडं नीट पाहिलं. या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं ते पाहणं होतं.

"यव्वा! कारहुणवी हुती की," ती म्हणाली. "तुमच्याकडं कारहुणवीला बैलांना तसंच ठेवतेत का?"

मी आयुष्यात शेकडो उत्तरं ऐकली आहेत. गुन्हेगार उत्तर तयार ठेवतो. त्याला प्रश्नाचं नवल वाटत नाही. या बाईला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटत होतं, आणि वर आमच्या बैलांची दयाही आली होती.

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या माहेरी बैलांचा सण ज्येष्ठी पुनवेला. नवरा तिला न्यायला आला तो नेमका सणाच्या तोंडावर. गावातली झाडून सारी बैलं सजणार आणि जावयाच्या गाडीचे बैल तेवढे बोडके उभे राहणार, हे तिच्या आईला बघवेना. त्यांना घरच्या बैलांबरोबर नदीवर धुतलं, शिंगं रंगवली, बेगड लावली. सणाची धुणी निघाली त्यात जावयाचा फेटाही गेला.

"ह्येनी नको नको म्हणत हुते. मालकीण रागावंल, म्हणत हुते. आई ऐकतीय कुठं! पैली होळगी बी तिनं बैलांना दिली. ह्येनला मागनं."

होळगी म्हणजे पुरणाची पोळी. दाराशी कधी येऊन उभी राहिली कोण जाणे, म्हातारी हे सगळं ऐकत होती.

"पैली पोळी माझ्या बैलांला?" तिनं विचारलं.

"व्हय. तूप लावून."

म्हातारीनं पदराचा बोळा तोंडाला लावला. मग हवालातीच्या गजांशी जाऊन त्या तरुणावर ओरडली, "आरं मुडद्या, हे सांगायला काय झालं हुतं तुला? म्या काय तुला खाल्लं असतं?"

तो म्हणाला, "शबुद दिला हुता मावशी तुमाला. दुसऱ्याचा हात लागू देणार न्हाय म्हणून."

मी दोन पंच बोलावले, दारोग्याला उभं केलं आणि म्हटलं, आता काय निघायचं ते निघू द्या. खूण दिसली नाही तर बैल गेले, हे म्हातारीलाही सांगितलं. ती म्हणाली, "मंग म्याच काढते. ह्यो डावीकडचा हरण्या खुरपं बघून बुजतो, पर माझ्या हाताखाली हलायचा न्हाय."

तिनं खुरप्याची पाठ घेतली. बैलाशी काहीबाही बोलत आधी बेगड सोलली, मग रंगाचा पापुद्रा उकलू लागली. एक एक टवका खाली पडत होता. बैल दगडासारखा उभा. पंच पुढं वाकले, दारोगा चष्मा पुसून आला. लाल रंगाखाली आधी एक काळा ठिपका दिसला, मग बाक आणि मग अख्खा अर्धचंद्र.

"या अल्ला," दारोगा म्हणाला. "ये तो हमाराच चांद है." त्यानं स्वतःच्या हातानं दावं सोडून म्हातारीच्या हातात दिलं, मी हवालातीचं कुलूप काढायला लावलं. ती हरण्याच्या गळ्यात पडून मोठमोठ्यानं रडली, आणि त्या वेळी मी शिपायावर खेकसलो नाही.

या प्रकरणानं मला एक धडा दिला. तोवर कुणी खोटं बोललं की मी एवढंच विचारी, हा काय लपवतो आहे? पुढं मी आधी बघायला लागलो, हा कुणाला जपतो आहे. खोटं बोलणारे सगळेच चोर नसतात. कुणी दिलेल्या शब्दापायी बोलतो, कुणी आपल्या माणसाच्या मायेपायी. आणि आपल्याकडं नसलेला सण दुसऱ्याकडंही नसेल, असं धरून चालणं अमलदाराला परवडत नाही. आमच्या त्या समजुतीपायी एका बाईचे बैल बाजारात जाणार होते.

पुढल्या साली ज्येष्ठात गस्तीवर ईटला गेलो होतो. गावातली सगळी बैलं साधी, मातीनं भरलेली. म्हातारीच्या दारात मात्र जोडी लालभडक शिंगांनी उभी, समोर पाटीत पुरणाची पोळी.

मी घोड्यावरूनच म्हटलं, "काय मावशी, आता हे काय? परत नाक्यावर धरून नेऊ काय?"

ती हात पुसत बाहेर आली. "न्या की. पर आज कारहुणवी हाय, सायब. तिकडं त्या पोरीच्या आईनं परक्याच्या बैलांला सणाला उपाशी ठिवलं न्हाय. मंग म्या घरच्यांना ठिवू व्हय?"