मॅडमनी मागे घेतलेला लेख

कोणतंही पान हातात आलं की मॅडम ते आधी उलटं करून पाहत. भाजीवाल्याची मेथी असो, नाहीतर लग्नाच्या पंगतीनंतरचा विडा; मॅडम पान उलटणार, चष्मा कपाळावर चढवणार आणि शेजारच्याला म्हणणार, "पाहा तं खरं." शेजारच्याला बहुतेक वेळा काहीच दिसत नसे. तो मान हलवी आणि मॅडम खूश होत.

त्या पांढुर्ण्याच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि मी तिथल्या ग्रंथालयात होते. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. वाणिज्य शिकवणाऱ्या सरांना त्या "ओ कॉमर्स" म्हणत, आणि मला "लायब्ररी". "लायब्ररी, एकटीच चहा पिऊन राहिली का?" असं म्हणत दारात उभ्या राहिल्या, की माझा डबाही अर्धा त्यांचाच असे.

आपल्याकडच्या संत्र्याच्या बागांवर त्यांनी एक लेख लिहिला होता. सौंसर, लोधीखेडा, सावरगाव, सगळीकडची पानं गोळा करून तपासली होती. सोबत त्यांचा एक जुना विद्यार्थी सहलेखक होता. पानांत झिंक भरपूर आहे, वेगळी फवारणी करायची गरज नाही, असा निष्कर्ष निघाला. बाहेरच्या एका नावाजलेल्या संशोधनपत्रिकेनं तो छापला. मी त्याची प्रत ग्रंथालयाच्या फलकावर लावली. मॅडमनी तर बागवाल्यांना घरी जाऊन सांगितलं, "झिंकचा खर्च वाचवा."

पुढच्या एका बहाराला आम्ही दोघी लोधीखेड्याजवळच्या एका बागेत गेलो होतो. लेखातली पहिली पानं तिथलीच होती. मॅडमनी सवयीनं एक पान तोडलं, उलटलं आणि पुन्हा सुलटं केलं. पान पिवळं पडलं होतं, शिरा तेवढ्या हिरव्या होत्या.

"झिंक मारलं नाही का, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"नाही न, मॅडम. तुम्हीच तं सांगतलं होतं," बागवाला म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच मॅडमना जास्त लागलं.

त्यांनी पुन्हा पानं गोळा केली. या वेळी अर्धी साध्या पाण्यानं धुतली आणि अर्धी आधी साबणाच्या, मग सौम्य आम्लाच्या पाण्यानं. दुसऱ्या ढिगातलं झिंक निम्म्याहून कमी भरलं. बागवाले बुरशीनाशक मारतात, त्यात झिंक असतं. पानावर बसलेलं औषध मॅडमनी पानाच्या आतलं म्हणून मोजलं होतं.

मी म्हटलं, "मॅडम, पत्रिकेत दुरुस्ती छापून घ्या."

"दुरुस्ती कशाची करू? खालची वीटच निघाली."

छापलेल्या लेखाचं असं असतं. एखादा आकडा चुकला तर पत्रिका दुरुस्ती छापते. निष्कर्षच कोसळला तर लेख मागे घेतात. तो नाहीसा करत नाहीत, पण 'यावर विसंबू नका' अशी सूचना त्याच्यावर कायमची लागते. पंचाईत एकच. जे आकडे घरी बसून रचतात किंवा दुसऱ्याचं चोरतात, त्यांचे लेखही असेच मागे घेतले जातात. लांबून पाहणाऱ्याला सगळे सारखेच दिसतात.

मॅडमनी संपादकांना ईमेल केला. काय चुकलं, कसं कळलं, सगळं लिहिलं आणि नवे आकडेही जोडले. उत्तर आलं की कळवल्याबद्दल आभार, आम्ही तज्ज्ञांकडून पाहून घेतो, दोन्ही लेखकांची संमती कळवा.

दुसऱ्याच दिवशी सहलेखक सौंसरहून आला. तो तिथे एका शाळेत शिकवत होता. कॉलेजातल्या नोकरीसाठी त्याची मुलाखत तोंडावर आली होती. तो ग्रंथालयातच बसला, पाणीसुद्धा घेईना.

"मॅडम, थोडं थांबा न. मुलाखत होऊन जाऊ द्या. पानं मी धुतली होती. लोकं म्हणतीन यानंच घोळ केला."

"कशी धुवायची ते कोणी सांगितलं होतं तुला?"

"तुम्ही."

"मंग तसंच लिहिते. पण थांबता नाही येत रे. तिकडे बागा पिवळ्या पडून राहिल्या."

तो निघून गेला. मॅडमनी त्याला फोन केला नाही, मलाही करू दिला नाही. "त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, त्याला विचार करू दे," म्हणाल्या. आठवडाभरानं त्याची संमती आली. मग मात्र पत्रिकेकडून काहीच येईना. स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली, "मॅडमचा लेख पकडला म्हणे." मॅडम ऐकत आणि प्रात्यक्षिकाला निघून जात.

दरम्यान त्या स्वतः बागोबाग हिंडल्या. "मी चुकीचं सांगितलं होतं, फवारणी सुरू करा," हे प्रत्येक ठिकाणी सांगितलं. मला वाटलं होतं, कुणीतरी चार शब्द सुनावेल. पण एका म्हाताऱ्यानं फक्त इतकंच विचारलं, "बाई, यावेळी पक्कं आहे न?"

सहलेखकाची मुलाखत झाली. समितीनं लेखाबद्दल विचारलंच. त्यानं सगळं जसंच्या तसं सांगितलं, पानं कशी धुवायला हवी होती तेही. त्याची निवड झाली. मॅडमच्या पाया पडायला आला तेव्हा त्यांनी त्याला आधी जेवायला बसवलं.

आणि एके दुपारी पत्रिकेची सूचना निघाली. मीच संगणकावर उघडली आणि मॅडमना मराठीत सांगत गेले. लेखकांनी आपली चूक स्वतःहून कळवली, ती अनवधानानं झाली होती, त्यांनी नवी माहिती उघड केली, त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल संपादक आभारी आहेत.

"पुन्हा वाच," मॅडम म्हणाल्या. मी वाचलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरं झालं. आता कोणी फसणार नाही."

नवे आकडे पुढे वेगळ्या लेखात छापून आले. त्या बागाही पुढच्या बहारापर्यंत हिरव्या झाल्या. मॅडम आता निवृत्त होऊन अमरावतीला भावाकडे राहतात. त्यांच्या जागी आलेल्या सरांना सगळ्यांची नावं पाठ आहेत. माझा डबा मला पुरून उरतो.

मॅडमची आठवण आली की मला सूचना निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ आठवते. सौंसरहून परतताना मॅडम वाटेत जामसावळीच्या मारुतीला उतरू म्हणाल्या. दर्शन झालं. मी प्रसाद घेऊन आले तर मॅडम मंदिराच्या आवारात खांबाला टेकून गाढ झोपलेल्या, चपला हातातच. इतके दिवस त्यांना धड झोप नव्हती, हे मला तेव्हा कळलं. समोरून पांढुर्ण्याची बस गेली. तिथला मारुतीही आडवा पहुडलेलाच आहे. मी प्रसाद पदराखाली झाकला आणि त्यांच्या शेजारी बसून राहिले.