ठरल्या वेळेला हसणारी मावशी

माझी मावशी रफू करते. फाटलेलं, जळलेलं, कसरीने खाल्लेलं कापड ती असं सांधते की भोक कुठे होतं हे खुद्द मालकालाही सापडू नये. त्यासाठी ती बाहेरचा दोरा वापरत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागेवरून धागे उसवते आणि आधी उभे, मग आडवे असे एकेक घालत ती जागा नव्याने विणते. तिचं दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली आहे. दुकान म्हणजे एक टेबल, मान वाकवता येणारा दिवा आणि खिळ्यांवर लटकवलेले कोट. शेजारी ड्रायक्लीनर. त्याच्याकडे आलेल्या कपड्यात भोक निघालं की तो मधल्या भिंतीवर थाप मारतो आणि मावशी इकडून ओरडते, "पाठवा!"

"स्वयंपाक चांगला झाला की लोक बोटं चाटतात," ती म्हणायची. "माझं काम चांगलं झालं की लोक म्हणतात, अहो, इथे काही नव्हतंच की!"

हे ऐकून ऐकून तिच्या सुनेने, म्हणजे माझ्या वहिनीने, मावशीच्या नावाने सोशल मीडियावर खातं उघडलं. वहिनी कुरियरच्या ऑफिसात काम करते, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. रफू झालेल्या कपड्याचा व्हिडिओ टाकायचा आणि खाली विचारायचं, "कुठे फाटलं होतं?" एवढीच कल्पना. लोकांना खेळ आवडला. कुणी बाही म्हणायचं, कुणी कॉलर. संध्याकाळी मावशी उत्तर सांगायची आणि चुकलेल्यांना यथेच्छ चिडवायची.

या खेळात एक बाई कधीच चुकायची नाही. ती टाचणी. मावशी आणि ती तरुणपणी एका कापड गिरणीत शेजारी शेजारी बसायच्या. मागावरून उतरलेल्या कापडातले तुटलेले धागे सुईने भरून काढायचं काम. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून ती टाचणी. गिरणी बंद झाली, टाचणी दूरच्या गावी भावाकडे गेली, आणि हळूहळू तिचे कान गेले. फोनवर बोलणं संपलं तसा संबंधही विरळ झाला होता. आता ती व्हिडिओखाली लिहायची, "डाव्या खिशाच्या वर. आडवा धागा ओढलेला दिसतोय. म्हातारी झालीस." मग मावशीचा दिवस तिला उत्तर काय द्यायचं या विचारात मजेत जायचा.

टाचणीला मावशीचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून वहिनीने खात्याला पहिलं टूल जोडलं. माणूस बोलेल ते व्हिडिओखाली अक्षरांत उमटवणारं. पहिल्याच दिवशी मावशी सुयांबद्दल सांगत होती आणि खाली उमटलं, "सून जुनी झाली की टोक बोथट होतं. मग ती बदलावी लागते. मी तर घरात पाच-सहा सुना ठेवते."

वहिनीने तो व्हिडिओ मावशीसमोर धरला. "आई, हे तुम्ही म्हणालात?"

"मी सुई म्हणाले गं!"

"बदलायची असेल तर आधी सांगा. मला ऑफिसात नोटीस द्यावी लागेल."

दोघी हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या. पण त्या चुकीच्या अक्षरांमुळे जेवढी माणसं खात्यावर आली तेवढी आधी कधी आली नव्हती, आणि वहिनीला या टूलांची गोडी लागली. लोक कधी जास्त बघतात याचा आलेख काढणारं एक टूल आलं. आधीच तयार केलेले व्हिडिओ ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेला आपोआप टाकणारं आणखी एक आलं. मेसेजांचा ढीग साचू लागला तेव्हा चौथं आलं, आपोआप उत्तर देणारं. कुणीही काहीही लिहिलं की लगेच जायचं, "नमस्कार! आपला मेसेज मिळाला. भोक नीट दिसेल असा फोटो पाठवा. आपला दिवस आनंदात जावो!" आणि पुढे एक हसरा चेहरा.

वहिनीचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. ऑफिस, घर आणि सासूचं खातं हे सगळं ती एकटी ओढत होती. माझा मावसभाऊ नोकरीला परगावी, महिन्यातून एखादी चक्कर मारणारा. तेव्हा एका रविवारी तिने ठरवलं की पुढच्या बऱ्याच दिवसांचे व्हिडिओ एकाच बैठकीत उरकून टाकायचे. मी कोट हातात देण्याच्या कामावर होते. मावशी निळा स्वेटर घालून म्हणायची, "नमस्कार मंडळी! आज सकाळी उठल्या उठल्या हे जाकीट हाती घेतलं!" मग करडा स्वेटर चढवून पुन्हा, "नमस्कार मंडळी! आज सकाळी उठल्या उठल्या…" शेवटी शेवटी ती करवादली. "अगं, आज किती वेळा उठले मी? मला आता झोपू द्या!"

त्याच आठवड्यात तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी काळं लोंबायला लागलं. तिला वाटलं चष्म्याला धागा चिकटलाय. तिने चष्मा पुसला, दिवा पुसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा चष्मा पुसला. काळं वर सरकत गेलं, पाण्यात शाई चढावी तसं, तेव्हा कुठे ती बोलली. वहिनीने तिला तडक डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "आत्तापर्यंत कुठे होतात? डोळ्याचा पडदा सुटलाय. घरी जायचं नाही, ऑपरेशनची तयारी करतोय."

ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. तो पडद्याला आतून दाबून धरणार होता. पण त्यासाठी मावशीने तोंड खाली करून राहायचं होतं, जागेपणीही आणि झोपेतही. वहिनीने रजा टाकली. उशा रचून मध्ये नाक-तोंडापुरती जागा ठेवली आणि मावशी पालथी पडून फरशीकडे बघत राहिली.

"जन्मभर मान खाली घालून काम केलं," ती म्हणाली, "आता मान खाली घालून आराम."

पहिले काही दिवस असे विनोदात गेले. मग तिचं बोलणं कमी झालं. मी भेटायला जायचे तेव्हा ती एकच विचारायची, "कुणी आलं होतं का गं चौकशीला?" ड्रायक्लीनर आणि त्याची बायको येऊन गेले होते. बाकी कुणीच नाही. ज्या बाया रोज तिच्याशी खात्यावर गप्पा मारायच्या, ज्यांच्या लग्नातले कोट तिने वाचवले होते, त्यांच्यापैकी कुणाचा साधा निरोप नाही. मावशी ते मनाला लावून घेत होती. तोंडाने म्हणायची नाही, पण पाठीवरून कळायचं.

एका सकाळी मी तिथे असताना स्वयंपाकघरातून आवाज आला, "नमस्कार मंडळी! आज सकाळी उठल्या उठल्या हे जाकीट हाती घेतलं!"

मावशी उशांमधून म्हणाली, "ही बाई कोण, एवढी खुशीत?"

वहिनी हातात फोन घेऊन दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता. दवाखान्याच्या धावपळीत ती खातं पार विसरून गेली होती. व्हिडिओ आपले ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेला जात होते. जगाच्या लेखी मावशी ठणठणीत होती, एक दिवसाआड स्वेटर बदलून हसत होती. मग चौकशी कोण आणि कशाला करणार? उलट, दुकानाला कुलूप बघून परत गेलेल्या एका गिऱ्हाइकाने लिहिलं होतं, "मॅडमना व्हिडिओ टाकायला वेळ आहे, दुकान उघडायला नाही."

"टाचणीचं काही आलंय का?" मावशीने विचारलं.

वहिनीने शोधलं. आधी मनातच वाचलं.

"मोठ्याने वाच."

वहिनीने वाचलं. टाचणीने लिहिलं होतं, "परवा मी मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं, तरी तू भांडली नाहीस. बरी आहेस ना?"

त्यावर खात्याचं उत्तर, "नमस्कार! आपला मेसेज मिळाला. भोक नीट दिसेल असा फोटो पाठवा. आपला दिवस आनंदात जावो!"

टाचणी, "अगं, मी टाचणी. बरी आहेस का एवढंच सांग."

"नमस्कार! आपला मेसेज मिळाला. भोक नीट दिसेल असा फोटो पाठवा…"

शेवटी टाचणीने लिहिलं होतं, "एवढी मोठी झालीस का? बरं. राहा सुखात." त्यानंतर ती खातं सोडून गेली होती.

मावशी आधी खुदकन हसली. भोकाचा फोटो मागितला म्हणून. मग तिचे खांदे हलायला लागले आणि ते हसणं नव्हतं. वहिनी खाली फरशीवर बसली, जिथे मावशीची नजर पोहोचत होती तिथे. म्हणाली, "आई, माझी चूक. मी तुम्हाला मदत करायला गेले आणि तुमचं तोंडच बंद करून टाकलं."

"तू रजा घेऊन माझी उस्तवार करतेस आणि वर माफी मागतेस?" मावशी नाक ओढत म्हणाली. "ते नमस्कारवालं आधी बंद कर. आणि फोन आण इकडे. मी आहे तशी दिसू दे."

वहिनीने व्हिडिओ काढला. त्यात मावशीचा फक्त मागचा अंबाडा आणि उशा दिसत होत्या. मावशी फरशीला सांगावं तसं सांगत होती, "मंडळी, गेले कित्येक दिवस तुम्ही बघताय ती मी जुनी आहे. खरी मी पालथी पडले आहे. डोळ्याचा पडदा सुटला. चष्मा पुसत बसू नका, काळं दिसलं की डॉक्टरकडे पळा. दुकान बंद आहे, ज्यांना खेटे पडले त्यांनी माफ करा." खालची अक्षरं वहिनीने स्वतः तपासली, यात सून-सुई होऊ नये म्हणून.

निरोपांचा पूर आला. कुलपावरून बोलणाऱ्या गिऱ्हाइकाने स्वतःचं वाक्य पुसून टाकलं आणि सूप करून आणू का असं विचारलं. पण ज्या एकीने बघायला हवं होतं ती खात्यावर नव्हती. मग मावशीने तिला वेगळा मेसेज सांगितला आणि वहिनीने तो टाइप केला, "टाचणे, मी आजारी होते. तुला उत्तर देत होतं ते मशीन होतं. रागावू नकोस."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "आणि आता लिहितंय ते मशीन नाही कशावरून?"

मावशी विचारात पडली. मग एकदम म्हणाली, "लिही. आपण मुकादमाच्या कोटाचे खिसे शिवून टाकले होते, आणि तो दिवसभर हात कुठे ठेवावेत म्हणून हैराण झाला होता."

या वेळी उत्तर लगेच आलं. "कोट नव्हता, पँट होती. तूच आहेस. इतकं चुकीचं मशीनला जमणार नाही. येते."

आणि ती खरंच आली. पिशवी ठेवली, खोलीत गेली आणि थबकली. मोठीच पंचाईत होती. टाचणीला ऐकू येत नव्हतं. समोरच्याच्या ओठांकडे बघून ती निभावून न्यायची. इथे ओठ जमिनीकडे होते. मावशीला तिचे फक्त पाय दिसत होते.

"चप्पल अजून तीच घालतेस होय," मावशी म्हणाली, पण ते कुणालाच पोहोचलं नाही.

वहिनीला सुचलं. तिने ते बोललेलं अक्षरांत उमटवणारं टूल सुरू केलं, एक फोन मावशीच्या तोंडाशी उशांच्या फटीत सरकवला आणि त्याची अक्षरं टीव्हीच्या पडद्यावर येतील असं जोडून दिलं. टाचणी टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसली. मावशी बोलायची, टीव्हीवर अक्षरं यायची, टाचणी ती वाचायची आणि आपल्या खणखणीत आवाजात उत्तर द्यायची. "रात्रभर मान दुखते" याचं "रात्रभर मान दिसते" व्हायचं आणि टाचणी म्हणायची, "दिसायला तेवढंच तर उरलंय तुझं!" त्या दिवशी मी दोन्ही वेळचं जेवण तिथेच केलं. इतकं भांडण त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. वहिनी कितीतरी दिवसांनी दुपारची झोपली.

टाचणी बुडबुडा विरेपर्यंत राहिली. त्या काळात कधी मावशीच्या हट्टाने आणि कधी स्वतःच्या, तिने दुकान उघडून अडलेली कामं हातावेगळी केली. ड्रायक्लीनर भिंतीवर थाप मारून मारून थकला आणि शेवटी कपडे घेऊन स्वतःच यायला लागला.

मावशीचा डोळा परत आला, पण पूर्ण नाही. सरळ रेघ मध्ये जराशी वाकडी दिसते. काळ्या कापडावर काळा धागा आता तिला जमत नाही. हे मान्य करायला तिला वेळ लागला. एक काळा कोट तिने घेतला, दोनदा उसवला आणि तसाच परत दिला. त्या दिवशी ती जेवली नाही. हल्ली ती फिक्या रंगाची आणि जाड विणीची कामं घेते, उजेड असेपर्यंतच बसते, आणि काळ्या कापडासाठी लोकांना दुसरीकडे पाठवते.

खात्यावरचं आपोआप उत्तर गेलं ते गेलंच. उशीर झाला तरी चालेल, पण उत्तर माणूस देतो. ठरल्या वेळेला व्हिडिओ टाकणारं टूल मात्र वहिनीने ठेवलं आहे, फक्त व्हिडिओ कधी काढला ते त्यावर लिहिलेलं असतं. अक्षरांचं टूल तर मावशी कुणाला काढू देणार नाही.

टाचणी परत जायला निघाली तेव्हा मावशी तिला आणखी राहा म्हणाली नाही. बसच्या खिडकीशी उभी राहून, काळा चष्मा सावरत, ओठ नीट हलवत म्हणाली, "पोचलीस की लिही."

"लिहीन," टाचणी म्हणाली. "आणि मुकादमाची पँटच होती."